जोन्स या वेल्श आडनावाचा माग कसा काढावा: उगम, प्रसार आणि दप्तरांतील वाटा

जोन्स हे वेल्समध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे आणि वंशशोधाच्या दृष्टीने सर्वांत कमी माहिती देणारेही तेच आहे. १८१३ ते १८३७ या काळातील विवाहनोंदींच्या अभ्यासातून वेल्समधील सुमारे १४ टक्के लोकांचे आडनाव जोन्स असल्याचे दिसून आले. बाहेरून आलेल्या वस्तीमुळे ते प्रमाण पुढे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास उतरले, तरी पहिला क्रमांक सुटला नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या मुख्य निबंधकांच्या १८५३ सालच्या अहवालात आडनावांचा जो अंदाज दिला आहे, त्यात स्मिथ अडीच लाखांच्या थोडे वर आणि जोन्स सुमारे २ लाख ४२ हजार आहेत. वेल्समधल्या बाजारपेठेच्या चौकात ‘जॉन जोन्स’ असा पुकारा केला, तर त्यावरून कोणत्याही एका माणसाचा बोध होणार नाही, असेही त्याच अहवालात नमूद केले आहे.

ज्यांच्या घरात लग्नसंबंधाने वेल्श नातेवाईक आले आहेत, ज्यांना पुणे-मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतील एखाद्या नावाचा शोध घ्यायचा आहे किंवा ज्यांना आडनावांच्या इतिहासातच रस आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. शोधाला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. सगळ्या जोन्सांचा कोणी एक मूळपुरुष नाही. हे आडनाव शेकडो गावांत, हजारो घरांत, वेगवेगळ्या शतकांत स्वतंत्रपणे तयार झाले. त्यामुळे शोध घ्यायचा तो आडनावाचा नव्हे, तर आपल्या घराण्यात ते कोणत्या पिढीत आणि कोणत्या गावी कायम झाले, त्या घटनेचा.

आडनावाची घडण

मध्ययुगीन वेल्समध्ये आजच्या अर्थाने आडनावे नव्हती. माणसाच्या नावापुढे ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’ हा शब्द येई आणि त्यापुढे वडिलांचे नाव. पुढचे नाव स्वराने सुरू होत असल्यास ‘अप’चा ‘अब’ होई. मुलीच्या नावापुढे ‘व्हेर्ख’ येई. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. त्यातला तिसरा भाग काढून टाकला आणि वडिलांच्या नावापुढे आजोबांचे, पणजोबांचे नाव जोडत गेले, तर वेल्श पद्धत डोळ्यांसमोर उभी राहते. या पद्धतीत प्रत्येक पिढीला नावाचा शेवट बदलतो, आणि तो बदलणे हेच तिचे काम असते.

या साखळ्या केवळ हौसेने पाठ केल्या जात नसत. दहाव्या शतकातील राजा हवेल दा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात जमिनीवरचा हक्क आणि मनुष्यवधाची भरपाई या दोन्ही बाबी नात्याच्या दूरवरच्या पदरापर्यंत पोहोचत. वडिलांची जमीन सर्व मुलांमध्ये वाटली जाई, त्यामुळे आपण कोणाचे कोण हे सांगता येणे हा मालमत्तेचा प्रश्न होता. १५३६ आणि १५४२-४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामावले गेले, न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली आणि वाटणीची जुनी पद्धत मोडून थोरल्या मुलाला वारसा मिळू लागला. लांबलचक वंशावळ सांगण्याची व्यावहारिक गरज तिथून कमी होत गेली.

आता खास जोन्सविषयी. बायबलमधील योहान हे नाव वेल्श भाषेत योआन, येयन, इव्हान आणि शोन अशा अनेक रूपांनी नांदत होते; त्यातले शोन हे रूप इंग्रजी ‘जॉन’वरून आलेले, म्हणून तुलनेने नवे. सोळाव्या-सतराव्या शतकांत, म्हणजे आडनावे स्थिर होऊ लागली नेमक्या त्याच काळात, जॉन हे वेल्समधले अत्यंत लोकप्रिय पुरुषनाम होते. इंग्रजी वळणाच्या कारकुनाने ‘शोनचा मुलगा’ ऐकले, शोनचा जॉन केला, ‘अप’ गाळला, मागे मालकीदर्शक ‘स’ लावला आणि ‘जोन्स’ लिहिले. वेल्श वर्णमालेत मुळात ‘ज’साठी अक्षर नव्हते, तरीही त्याच अक्षराने सुरू होणारे आडनाव वेल्सची ओळख ठरले, यावरून ते कोणाच्या लेखणीतून उतरले हे स्पष्ट होते. इव्हान्स आणि बेव्हन ही आडनावेही त्याच योहानाची आहेत. बेव्हन म्हणजे ‘अब येयन’. ‘अप’चा पहिला स्वर झडून शेवटचे व्यंजन पुढच्या नावाला चिकटल्यामुळे पॉवेल, प्राइस, प्यू, बोवेन अशी आडनावे तयार झाली, त्यांचा शोधही पुढे सांगितलेल्या रीतीनेच घ्यावा लागतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सोळाव्या शतकातील कायद्यांनी वेल्श लोकांवर आडनावे लादली, असे सर्रास सांगितले जाते. तशी सक्ती करणारे कोणतेही कलम त्या कायद्यांत नाही. न्यायालये, कर, जमिनीचे व्यवहार आणि इंग्रजी समाजाशी संपर्क यांच्या रेट्याने ही प्रथा हळूहळू रुजली: जमीनदार घराण्यांत सोळाव्या शतकात, इंग्लंडच्या सीमेलगत त्याच सुमारास, आणि वायव्येकडील कार्नार्व्हनशर, मेरिओनेथ, अँगलसी अशा परगण्यांतील सामान्य घरांत थेट अठराव्या शतकात, काही ठिकाणी एकोणिसाव्याच्या प्रारंभी. कुटुंब कोणत्या भागातले आणि कोणत्या थरातले, यावर आडनाव कधी कायम झाले असेल याचा पहिला अंदाज बांधता येतो.

एक वाचण्याजोगे उदाहरण

ही घटना किती साधेपणाने घडे हे पाहायचे असेल, तर गणितज्ञ विल्यम जोन्स याचे घराणे पाहावे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ मध्ये प्रथम वापरणारा हाच. १६७५ मध्ये अँगलसी बेटावरील लानव्हिहांगेल त्रेर बेर्द या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावविभागात, तो जन्मला आणि त्याच्या वडिलांना शोन शोर, म्हणजे जॉर्जचा मुलगा जॉन, असे म्हणत. वडील जॉन, म्हणून मुलगा जोन्स. आजोबांच्या जॉर्ज या नावाला आडनावात जागा मिळाली नाही. हा विल्यम लंडनला गेला आणि तिथे आडनाव कायम झाले. त्याचा मुलगा १७४६ मध्ये लंडनमध्ये जन्मला, त्याचे नावही विल्यम. जुनी पद्धत चालू राहिली असती, तर त्याची ओळख विल्यम विल्यम्स अशी झाली असती. परंतु तो सर विल्यम जोन्स म्हणूनच १७८३ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होऊन आला, १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापली आणि १७८९ मध्ये शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. भारतात सर्वाधिक परिचित असलेले हे जोन्स आडनाव प्रत्यक्षात अवघ्या एका पिढीचे जुने होते.

पहिली पायरी: गाव आणि शेतघर

इतर बहुतेक आडनावांच्या बाबतीत थेट नाव घालून शोध सुरू करता येतो. जोन्सच्या बाबतीत तसे केल्यास हजारो उत्तरे मिळतात आणि त्यातले एकही आपले आहे की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून संगणकापुढे बसण्यापूर्वी घरातली साधने नीट पाहावीत. बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा, अंत्यविधीची छापील पत्रे, शाळेची व चॅपेलची (राजमान्य चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांच्या प्रार्थनागृहाची) बक्षिसे, सैन्यातील कागद, पत्रांवरचे पत्ते आणि छायाचित्रांच्या मागे छायाचित्रकाराने उमटवलेले गावाचे नाव, या प्रत्येकाची नोंद करावी.

या साऱ्यातून मिळवायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शेतघराचे किंवा घराचे नाव. एका खोऱ्यात वीस-वीस जॉन जोन्स असताना लोक एकमेकांना शेतघरावरून, धंद्यावरून किंवा टोपणनावावरून ओळखत. दूधवाला जोन्स, दुकानवाला जोन्स ही केवळ गमतीची नावे नसून ती त्या समाजाची खरीखुरी नोंदपद्धती होती. थडग्यावरच्या स्लेटच्या पाटीवर, वर्तमानपत्रातील मृत्युवार्तेत आणि चॅपेलच्या वहीत व्यक्तीच्या नावापाठोपाठ शेतघराचे नाव येते. माझ्या मते जोन्स कुटुंबाचे खरे आडनाव म्हणजे त्यांचे शेतघर, आणि ते हाती आले की निम्मे काम झाले.

त्याच वेळी मधल्या नावांकडेही लक्ष द्यावे. एकोणिसाव्या शतकात असंख्य जोन्स कुटुंबांनी वेगळेपणासाठी आईकडचे किंवा आजीकडचे आडनाव, कधी गावाचे नाव, मध्ये घातले. लॉइड जोन्स, पॅरी जोन्स, मॉरिस जोन्स अशी जोडनावे त्यातून आली. असे मधले नाव बहुतेकदा स्त्रीच्या बाजूच्या घराण्याकडे बोट दाखवते.

दुसरी पायरी: १८३७ नंतरची नागरी नोंदणी

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. जन्माची नोंद न केल्यास दंडाची कडक तरतूद १८७५ पासून लागू झाली, त्यामुळे आधीच्या काळात काही जन्म सुटलेले असतात. सर्वसाधारण नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत खाते मोफत उघडता येते आणि जन्माच्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव १८३७ पासून दिलेले आहे. जोन्स शोधणाऱ्यासाठी हे वरदान आहे: नोंदणी जिल्हा, वर्ष आणि आईचे माहेरचे आडनाव या तिन्हींची जुळणी केली की शेकडो नोंदींतून एका दांपत्याची सगळी मुले वेगळी काढता येतात. आईचे माहेरचे आडनावही जोन्सच असेल, आणि ते पुष्कळदा असते, तर मात्र ही चाळणी उपयोगी पडत नाही. अशा वेळी प्रमाणपत्र मागवून पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत आधी विवाहाचे प्रमाणपत्र मागवावे. त्यावर वधू आणि वर दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात. १८३७ ते १८६० च्या दरम्यानच्या प्रमाणपत्रावर वराचे नाव डेव्हिड जोन्स आणि वडिलांचे नाव जॉन इव्हान्स असे दिसले, तर ती कारकुनाची चूक समजून कागद बाजूला ठेवू नये. आडनाव नेमके कधी कायम झाले, त्याचा तो लेखी पुरावा असू शकतो. वडील जॉन म्हणून मुलगा जोन्स, आणि जॉनचे वडील इव्हान म्हणून जॉन इव्हान्स. एका कागदावर तीन पिढ्या मिळाल्या.

तिसरी पायरी: जनगणना

१८४१ ची जनगणना ही नावानिशी जतन झालेली पहिली देशव्यापी जनगणना. तिच्यात पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचच्या पटीत खाली आणून लिहिण्याचा संकेत होता आणि जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच नोंदवले जाई. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश मिळू लागतो, म्हणून खरा आधार १८५१ चा. वेल्समध्ये १८९१ पासून भाषेचा प्रश्नही विचारला गेला. एखादे जोन्स कुटुंब केवळ वेल्श बोलत होते, दोन्ही भाषा बोलत होते की फक्त इंग्रजी, यावरून ते ग्रामीण भागातून नुकतेच आले की पिढ्यान्‌पिढ्या शहरात होते, याचा चांगला अंदाज येतो.

प्रत्येक दशकाच्या जनगणनेत कुटुंब मागे मागे शोधत जावे आणि दर वेळी जन्मगाव, व्यवसाय, शेजारी व घरातील भावंडे यांची जुळणी करावी. वय आणि नाव जुळले एवढ्यावर समाधान मानू नये. जोन्समध्ये एकाच वर्षी, एकाच पॅरिशमध्ये, एकाच नावाची तीन मुले जन्मणे ही नित्याची बाब आहे. जे जोन्स आपले नाहीत, त्यांचीही यादी ठेवावी आणि ते का नाहीत याचे कारण शेजारी लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रतिस्पर्धी नावे एकेक करून बाद केल्याशिवाय उरलेले नाव सिद्ध होत नाही.

१९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची मूळ कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली, त्यामुळे तिच्या जागी १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही वापरावी.

चौथी पायरी: चर्च की चॅपेल

१८३७ च्या मागे गेले की पॅरिशच्या नोंदवह्या सुरू होतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश १५३८ चा. परंतु वेल्समधील अनेक पॅरिशमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीच्या वह्या टिकलेल्या नाहीत. बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला काही वेळा ही उणीव भरून काढतात. या वह्यांचा आणि नकलांचा मोठा साठा अॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील पुष्कळ भाग फॅमिलीसर्च आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळांवर पाहता येतो. १७३३ पर्यंत नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात, तिथे जॉन ‘जोहानेस’ होतो. १७५१ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधील तारखांचे वर्ष दोन्ही पद्धतींनी लिहून ठेवावे.

वेल्समधील विशेष अडचण अशी की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपासनेला जाणारे बहुसंख्य लोक आंग्लिकन, म्हणजे राजमान्य, चर्चमध्ये न जाता मेथडिस्ट, इंडिपेंडंट किंवा बॅप्टिस्ट चॅपेलमध्ये जाऊ लागले होते. चॅपेलच्या जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारने मागवून घेतल्या आणि त्या आता लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बॅप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही, त्यामुळे तिथे बालपणीची नोंद मिळेलच असे नाही. विवाहाची गोष्ट निराळी: १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (एक प्रोटेस्टंट पंथ) आणि ज्यू वगळता सर्वांना आंग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणे बंधनकारक होते. म्हणून कट्टर चॅपेलवाल्या कुटुंबाचाही विवाह पॅरिशच्या वहीतच शोधावा आणि साक्षीदारांच्या सह्या आवर्जून उतरवून घ्याव्यात, कारण ते बहुधा भाऊ, बहीण किंवा मेहुणे असतात.

१८१३ पासून बाप्तिस्म्याची नोंद छापील नमुन्यात होऊ लागली. त्यात राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय असे रकाने आले, आणि वेल्समध्ये राहण्याच्या रकान्यात बहुतेकदा शेतघराचे नावच असते. पहिल्या पायरीत मिळवलेले नाव इथे कामी येते.

पाचवी पायरी: आडनाव कायम झालेली पिढी ओळखणे

सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारी पायरी हीच आहे, आणि घाईने मागे जाणारे बहुतेक शोधक इथेच चुकीच्या घराण्यात शिरतात. समजा, इव्हान थॉमस नावाच्या शेतकऱ्याला जॉन नावाचा मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘इव्हान थॉमस याचा मुलगा जॉन’ एवढेच लिहिले जाईल. मोठेपणी तो जॉन इव्हान किंवा जॉन इव्हान्स म्हणून ओळखला जाईल. त्याचा मुलगा डेव्हिड जोन्स होईल, आणि डेव्हिडच्या मुलांनीही जोन्स हेच लावले, तर आडनाव तिथे कायम झाले. आता डेव्हिडच्या मागे जाऊन जोन्स आडनावाचा बाप शोधणारा माणूस पॅरिशमधल्या दुसऱ्याच एखाद्या जॉन जोन्सला आपला पूर्वज मानून बसेल, कारण खरा पूर्वज वहीत इव्हान्स म्हणून नोंदलेला आहे.

हा धोका टाळण्यासाठी वायव्य वेल्समध्ये साधारण १८२० च्या मागे, आणि इतरत्र १७५० च्या मागे, जाताना दर वेळी दोन शक्यता समांतर तपासाव्यात: वडिलांचे आडनाव जोन्स असेल, किंवा वडिलांचे पहिले नाव जॉन असेल आणि आडनाव दुसरेच काही असेल. भावंडांकडे पाहिल्यास पुष्कळ वेळा उलगडा होतो. एक भाऊ मर्थर टिडफिलच्या लोखंडाच्या कारखान्यात गेला आणि पगाराच्या वहीत जोन्स झाला, दुसरा शेतावर राहिला आणि त्याच्या मुलांच्या नावामागे त्याचे स्वतःचे पहिले नाव लागले, अशी सख्ख्या भावांची दोन आडनावे होत असत. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक ध्यानात ठेवावे: वेल्समध्ये लग्नानंतरही स्त्री पुष्कळदा आपल्या वडिलांकडूनचे नावच लावी. दफनाच्या नोंदीत किंवा मृत्युपत्रात पतीचे आडनाव जोन्स आणि पत्नीचे रॉबर्ट्स दिसले, म्हणून ते अविवाहित होते किंवा ती दुसरीच बाई आहे, असा निष्कर्ष काढू नये.

मुलांची नावे हाही एक दुवा आहे. थोरल्या मुलांना आजोबांची नावे देण्याची रीत बऱ्याच कुटुंबांत होती. तिला पुरावा मानता येत नाही, पण दोन शक्यतांपैकी आधी कोणती तपासावी हे तिच्यावरून ठरवता येते.

सहावी पायरी: जमीन, मृत्युपत्रे आणि न्यायालये

पॅरिशच्या वहीत एका ओळीत उरकलेला माणूस मृत्युपत्रात सविस्तर भेटतो. १८५८ पूर्वी वेल्समधील चर्च न्यायालयांत सिद्ध झालेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकीय रूपात मोफत उपलब्ध केली आहेत. ‘माझा मुलगा जॉन इव्हान’, ‘माझी मुलगी, अमुक जोन्सची पत्नी’ अशा उल्लेखांतून पिढ्यांमधला बदल एका कागदावर दिसतो. केवळ धनिकच मृत्युपत्रे करीत असे नाही. चार गायी आणि एक माग असलेला शेतकरीही करी.

१८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्याव्या लागणाऱ्या दशमांश कराच्या आकारणीसाठी पॅरिशवार नकाशे तयार झाले. वेल्सचे हे नकाशे राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि प्रत्येक शेताचा मालक, कसणारा व शेतघर त्यांत सापडते. १८४१ च्या जनगणनेशी हे नकाशे ताडून पाहिले की दोन जॉन जोन्स सहज वेगळे होतात. मोठ्या जमीनदारीच्या दप्तरांतील तीन हयातींचे भाडेपट्टे तर त्याहून उपयुक्त: पट्टा ज्या तीन व्यक्तींच्या आयुष्यभर चाले, त्यांची नावे, परस्परांचे नाते आणि कधी वयही त्यात लिहिलेले असते. १८३० पर्यंत चाललेल्या वेल्सच्या ग्रेट सेशन्स न्यायालयाचे कागद आणि १८३७ पर्यंतचे विवाह-बंधपत्रांचे (लग्नाचा परवाना घेताना दिलेल्या हमीपत्रांचे) संच यांच्यावरही एक नजर टाकावी. १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रे मोफत वाचता येतात. तिथे आडनावाऐवजी शेतघराचे नाव घालून शोधावे.

सातवी पायरी: प्रसाराच्या वाटा

औद्योगिक क्रांतीने जोन्सांना आधी वेल्समध्येच हलवले. कार्डिगनशर आणि कार्मार्दनशरमधून लोक दक्षिणेतील कोळसा-लोखंडाच्या खोऱ्यांत गेले. वायव्येत बेथेस्डा आणि ब्लाइनाय फेस्टिनिऑगच्या स्लेटच्या खाणींभोवती गावे वसली. लिव्हरपूलमध्ये वेल्श बांधकाम कंत्राटदार आणि कारागिरांची मोठी वसाहत उभी राहिली आणि लंडनचा दूधधंदा कितीतरी वर्षे कार्डिगनशरच्या कुटुंबांच्या हाती होता. इंग्लंडमधील जोन्स कुटुंबाचा शोध घेताना या शहरांतील वेल्श चॅपेलच्या सदस्यत्वाच्या वह्या पाहाव्यात. दाखल होताना आधीच्या चॅपेलचे पत्र आणण्याची पद्धत असल्यामुळे मूळ गाव तिथे लिहिलेले असते.

समुद्रापलीकडे, १६८२ पासून वेल्श क्वेकर पेन्सिल्व्हेनियात गेले, एकोणिसाव्या शतकात खाणकामगार स्क्रँटन भागात आणि शेतकरी विस्कॉन्सिन, ओहायो येथे पोहोचले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याच्या आईचे लॉइड जोन्स कुटुंब कार्डिगनशरमधील लांदिसिलहून १८४४ मध्ये विस्कॉन्सिनला गेले होते. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८९० पासूनच सलग मिळतात, त्यामुळे आधीच्या स्थलांतरासाठी अमेरिकेतील वेल्श चॅपेल आणि १८५१ मध्ये सुरू झालेल्या ‘अ द्रिख’ या वृत्तपत्रातील मृत्युवार्ता जास्त कामाच्या ठरतात. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत जोन्स हे पाचवे मोठे आडनाव होते, सुमारे १४ लाख २५ हजार लोकांचे, आणि त्यातील ३८ टक्क्यांच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीच्या काळात मालकांचे आडनाव लागले गेले, तर मुक्तीनंतर अनेकांनी स्वतःहून प्रचलित आडनाव स्वीकारले; या कुटुंबांचा इतिहास वेल्सच्या वह्यांत न शोधता अमेरिकेतील मालमत्तेच्या आणि मुक्तीनंतरच्या दप्तरांत शोधायला हवा.

पॅटागोनियाची कहाणी मला विशेष जवळची वाटते. आपली भाषा टिकावी म्हणून दीडशेच्या वर वेल्श स्त्रीपुरुष ‘मिमोसा’ या जहाजाने लिव्हरपूलहून निघाले आणि २८ जुलै १८६५ रोजी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर उतरले. या चळवळीचा वैचारिक आधार बाला येथील मायकेल डी. जोन्स, प्रत्यक्ष वसाहत उभारणारा नेता लुइस जोन्स, आणि किनाऱ्याची पाहणी करायला त्याच्याबरोबर गेलेला लव्ह जोन्स-पॅरी. त्रेलेव हे शहर लुइसच्या नावाने आणि प्वेर्तो माद्रिन हे बंदर जोन्स-पॅरीच्या माद्रिन या जहागिरीच्या नावाने ओळखले जाते. तिघांच्याही नावात जोन्स आहे, म्हणून ते एका घराण्याचे ठरत नाहीत. एकाच चळवळीतले हे तीन जोन्स शोधकाने कायम समोर ठेवावेत.

फसवणाऱ्या काही गोष्टी

प्रत्येक जोन्स वेल्श नसतो. इंग्लंडमध्येही जॉनच्या मुलांना जोन्स म्हटले जाई आणि हंटिंगडनशरमध्ये तेराव्या शतकातच हे नाव नोंदलेले आहे. काहींनी ते स्वेच्छेने घेतले: अमेरिकी नौदलाचा नायक जॉन पॉल जोन्स जन्माने स्कॉटिश जॉन पॉल होता आणि गायक टॉम जोन्स वेल्श असला, तरी जन्मतः थॉमस वुडवर्ड. काहींनी उलट ते सोडले: लेखक एमरिस अप इवान जन्माने रॉबर्ट अँब्रोझ जोन्स होता आणि गायक दाव्हिद इवानच्या नावातील जोन्स मागे पडले. आज वेल्श भाषाप्रेमी कुटुंबांत ‘अप’ आणि ‘व्हेर्ख’ पुन्हा वापरात येत आहेत, त्यामुळे विसाव्या शतकातही आडनाव तुटण्याची शक्यता तपासावी लागते.

जनुकीय चाचणीबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. पितृवंशाची चाचणी दोन जोन्स पुरुषांना वेगळे ठरवायला उपयोगी पडते, परंतु पितृनामी पद्धतीमुळे जवळची जुळणी इव्हान्स, डेव्हिस किंवा विल्यम्स आडनावाच्या माणसाशी होऊ शकते, आणि तीच खरी असू शकते. जुळलेल्या माणसाला आडनावाऐवजी पूर्वजांचा पॅरिश विचारावा.

भारतातील जोन्स

भारतात हे आडनाव न्यायाधीश, सैनिक, रेल्वेतील कर्मचारी आणि मिशनरी यांच्याबरोबर आले. मॉन्टगमरीशरमधला थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी २२ जून १८४१ रोजी खासी टेकड्यांतील सोहरा येथे पोहोचला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत आणली. मिझोरममध्ये १८९७ मध्ये आलेला डी. ई. जोन्स आजही आदराने आठवला जातो. वेल्श मिशनची कागदपत्रे अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, तेव्हा ईशान्य भारतातील शोधासाठी लंडनऐवजी आधी तिकडे वळावे.

मुंबई इलाख्यातील जोन्ससाठी मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर पाहावे लागते. तेथील चर्चनोंदींमध्ये बंगालसाठी ‘एन/१’, मद्राससाठी ‘एन/२’ आणि मुंबईसाठी ‘एन/३’ अशी विभागणी आहे. पुणे, किरकी, देवळाली, अहमदनगर अशा छावण्यांतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांचा शोध ‘एन/३’मध्ये घ्यावा. सैनिक असल्यास पलटणीचे नाव आणि सेवाक्रमांक मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच तुकडीत अनेक जोन्स असत आणि वेल्श पलटणींत त्यांना क्रमांकानेच ओळखले जाई. १८७९ मध्ये आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दोन जोन्स इतिहासात ‘५९३ जोन्स’ आणि ‘७१६ जोन्स’ म्हणूनच वेगळे राहिले. भरतीच्या कागदावर जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. तो मिळाला की लेखाच्या पहिल्या पायरीपासून वेल्समधला शोध सुरू करता येतो.